गाडीच्या रंगाचा माणूस

माझ्या दुकानात लोक मापासाठी काय वाटेल ते घेऊन येतात. कुणी फाटकी पँट आणतं, कुणी मोठ्या भावाचा कोट. एका बाईंनी तर नवऱ्याऐवजी नवऱ्याचा फोटो आणला होता, आणि वर म्हणाल्या, "आता जरा सुटलाय, तेवढं धरून चाला." पण पेट्रोलच्या टाकीचं झाकण घेऊन आलेलं गिऱ्हाईक मी जन्मात एकच पाहिलं.

"ताई, या रंगाचे शर्ट शिवायचेत," असं म्हणून त्याने ते नारिंगी पत्र्याचं झाकण माझ्या कात्रीशेजारी ठेवलं.

"कुणासाठी?"

"मलाच."

"आणि हे झाकण?"

"ते गाडीचं आहे. परत न्यायचंय, टाकी उघडी पडलीय."

मी चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिलं. माणूस शुद्धीत होता. केस नीट विंचरलेले, दाढी केलेली, चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नाही. तेव्हा कुठे मला आठवलं की चार दिवसांपासून समोरच्या टॅक्सी स्टँडवर एक नारिंगी गाडी दिसतेय, ती याचीच.

माझं दुकान अरुंद आहे. काचेला लागून मशीन, मशीनमागे कापडांची फळी, आणि पडदा ओढला की होणारी मापं घ्यायची खोली. मशीनवर बसलं की समोरचा अख्खा स्टँड दिसतो. तिथे कोण कुणाशी बोलत नाही, कोण गाडी पुसायचं सोडून पेपर वाचतो, हे मला तिथल्या अध्यक्षांच्या आधी कळतं. त्या स्टँडने या नव्या माणसाचं बारसं पहिल्याच दिवशी उरकलं होतं. त्याचं नाव ठेवलं होतं गाजर.

कपड्यांच्या बाबतीत मी फार कडक आहे, हे आधीच सांगून टाकते. सोफ्याच्या कापडाचे पडदे आणि पडद्यांच्या कापडाची उशी करणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. ड्रायव्हरच्या शर्टाबद्दल माझं मत पक्कं होतं. काखेत सैल हवा, पाठीत चुणी हवी, खिसा पट्ट्याखाली येऊन टोचता कामा नये. रंग मळखाऊ असला की झालं. गाडीच्या रंगाचा शर्ट घालायचा म्हणजे चक्क नाटकी पोरकटपणा, असं माझं म्हणणं, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं.

"असेल ताई," तो म्हणाला. "पण रंग तेवढा अगदी हाच बघा हं."

मी कपाळाला हात लावला आणि झाकण पिशवीत टाकून कापडवाल्याकडे गेले. ट्यूबलाइटच्या उजेडात सगळीच नारिंगी कापडं सारखी दिसतात, म्हणून एकेक तागा दुकानाबाहेर उन्हात नेऊन झाकणाशी ताडून पाहिला. कापडवाला म्हणाला, "बाई, झाकणाला शर्ट शिवताय की काय?" पण रंग मिळाला, आणि असा मिळाला की शर्ट घालून तो गाडीला टेकून उभा राहिला तेव्हा नुसतं डोकं आणि दोन हात हवेत तरंगत असल्यासारखे दिसत होते.

स्टँडवर त्या दिवशी कुणी भाडं घेतलं नसेल. सगळे पोट धरून हसत होते. मग वाद सुरू झाला, कारण त्या स्टँडवर हसून झालं की वादच होतो. ड्रायव्हरने आपल्या गाडीला शोभतील असे कपडे घालावेत की नाही? पांढऱ्या गाडीवाला म्हणाला, "मी तर पहिल्यापासून पांढराच शर्ट घालतो, तेव्हा ही पद्धत माझी." एकजण ओरडला, "माझ्या गाडीला डाव्या बाजूने पोचा आहे. मग मी पण एका बाजूने पोट आत घेऊन फिरू का?" अध्यक्ष म्हणजे स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, आवाज भारदस्त, मिशी त्याहून भारदस्त. त्यांनी निकाल दिला, "ड्रायव्हरचे कपडे असे असावेत की प्रवाशाला ते दिसताच कामा नयेत."

"मला मात्र दिसलेले हवेत," गाजर म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसला.

याच गोष्टीचं मला पहिल्यांदा कौतुक वाटलं. माझ्या जिभेला हाड नाही, मला कुणी काही बोललं तर मी दोन बोलून मोकळी होते. हा माणूस मात्र रोज टोमणे खायचा आणि त्याला अपचन व्हायचं नाही. म्हातारं माणूस गाडीतून उतरलं तर त्याच्या घराचं दार उघडेपर्यंत हा गाडी हलवायचा नाही, मागच्या गाड्या कितीही भोंगे वाजवू देत. सकाळी गाडी पुसायचा ती अशी, की मला माझ्या दुकानाच्या काचेची लाज वाटायची. जुने झालेले शर्टही तो टाकायचा नाही, बटणं काढून ठेवायचा आणि गाडी पुसायला घ्यायचा. म्हणजे नारिंगी गाडी नारिंगी शर्टाने नारिंगी शर्टातला माणूस पुसतोय, असं ते दृश्य.

पुढच्या वेळी मी त्याच ताग्यातले शर्ट शिवून दिले, तर हा परत घेऊन आला. म्हणाला, "ताई, हे गडद आहेत."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "गडद? झाकणाला लावून बघा! आतून बघा, बाहेरून बघा!"

"आतून तोच आहे," तो शांतपणे म्हणाला. "पण बाहेरून गाडी विटलीय. उन्हात उभी असते ना. मला गाडी आज जशी आहे तसा रंग हवा."

मी त्याला काय नाही ते बोलले. मग बोलून झाल्यावर ते कापड दुकानाच्या छपरावर पसरलं आणि दगड ठेवले. लोक कापड विटू नये म्हणून सावलीत वाळवतात, मी विटावं म्हणून रोज उलटंपालटं करून उन्हात घालत होते. आणि खरं सांगायचं तर मला त्या कामात गोडी वाटायला लागली होती. इतका हट्टी गिऱ्हाईकपणा मी कुणात पाहिला नव्हता, आणि हट्टी माणसं मला मनातून आवडतात.

त्याची बायको पहिल्यांदा दुकानात आली ती कोटाचं अस्तर उसवलं होतं म्हणून. ताठ बाई, आवाज असा की ऐकत राहावा. ती एका विमा कंपनीच्या कचेरीत फोनवर बसायची. कचेरीतल्या झाडून सगळ्यांचे नंबर तिला तोंडपाठ होते. आत येताना तिचा खांदा माझ्या दारातल्या पुतळ्याला लागला, तशी ती त्या पुतळ्याला म्हणाली, "माफ करा हं."

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिनेच मग माझ्या मशीनच्या आवाजाच्या रोखाने तोंड वळवलं.

"माणूस नव्हता ना तो?" तिने विचारलं.

"नव्हता, वहिनी. पण माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांपेक्षा सभ्य आहे."

ती खळखळून हसली आणि बसली. अस्तर लावून होईपर्यंत तिने सगळं सांगितलं. तिची नजर बऱ्याच दिवसांपासून आक्रसत चालली होती. नळकांड्यातून बघावं तेवढंच दिसायचं, आणि तेही धुकट. चेहरे गेले होते, अक्षरं गेली होती, रंगाचे मोठे ठिपके तेवढे उरले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तेही जातील. कचेरीत तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. "कळलं की सगळे प्रेमाने मला घरी बसवतील," ती म्हणाली. "मला फोन दिसायला लागत नाही, ऐकू यायला लागतो. पण हे त्यांना पटेपर्यंत माझी खुर्ची गेलेली असेल."

म्हणून तो गाडी घ्यायला निघाला तेव्हा तिला बरोबर घेऊन गेला होता. जुन्या गाड्यांच्या आवारात चांगल्या दणकट राखाडी गाड्या उभ्या होत्या. ही कोपऱ्यातल्या नारिंगी ठिपक्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ती मला इथून दिसतेय." त्याने तीच घेतली.

"मग शर्ट कशाला?" मी विचारलं.

"अहो ताई, मी पार्सलच्या गाडीत जाऊन बसले ना!" आणि ती पुन्हा हसायला लागली. "पार्सल कंपनीची नारिंगी गाडी गेटसमोर उभी. मी दार उघडून ऐटीत बसले आणि त्या माणसाला म्हणाले, आज डोकं फार दुखतंय रे. तो बिचारा म्हणाला, मग गोळी घ्या, बाई. नारिंगी गाड्या रस्त्यावर दोन असतील. पण गाडीशेजारी त्याच रंगाचा माणूस उभा असेल, तर तो आमचाच. दुसरा कोण इतका वेडा असणार?"

हात धरून न्यायला तिची सक्त मनाई होती. लांबून हाक मारायलाही. संध्याकाळी कचेरी सुटली की सगळ्यांच्या देखत आपल्या पायांनी गेटच्या पायऱ्या उतरायच्या, फुटपाथ ओलांडायचा आणि गाडीत बसायचं, एवढं तिला हवं होतं. एवढ्यावरच तिची नोकरी उभी होती. आणि तेवढ्यासाठी हा माणूस रोज सकाळी गाजर होऊन घरातून निघत होता आणि कुणालाही कारण सांगत नव्हता. ती गेल्यावर मी छपरावरचं कापड जरा जास्त मायेने उलटलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मग हॉटेल आलं. स्टँडपासून जवळच मोठं नवं हॉटेल उघडलं आणि त्यांनी स्टँडशी करार करायचं ठरवलं. पाहुण्यांची सगळी ने-आण याच स्टँडने करायची. अट एकच, सगळे ड्रायव्हर राखाडी गणवेशात हवेत. स्टँडवर आनंदीआनंद झाला. गणवेशांचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे माझ्याही घरी आनंदच. अध्यक्षांनी नियम केला की एकदा गणवेश ठरला की दिवसभर गणवेश. आत एक बाहेर एक असलं काही चालणार नाही.

गाजराने आयुष्यात पहिल्यांदा त्या स्टँडवर काही मागितलं. म्हणाला, "मला तेवढं सोडा."

"का सोडा?"

त्याने गाडीच्या टपावरची धूळ पुसायला घेतली. मी मशीनवर बसून सगळं ऐकत होते, आणि माझ्या ओठांवर आलेले शब्द मी दातांखाली धरून ठेवले. वहिनीने विश्वासाने सांगितलं होतं.

"बघा, एका माणसाच्या शौकापायी सगळ्यांच्या पोटावर पाय नको," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पांढऱ्या गाडीवाला तर चिडलाच. "गाजर, एवढा नटायचा सोस असेल तर दुसरा स्टँड बघ."

तो माझ्या दुकानात आला, पडद्यामागे गेला आणि मुकाट्याने हात वर करून मापं दिली. मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, सांगून टाका ना एकदा. माणसं आहेत ती, राक्षस नाहीत."

"माझं असतं तर सांगितलं असतं," तो म्हणाला. "ते तिचं आहे."

गणवेशाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्याच गाडीत होते. उरलेलं राखाडी कापड परत करायला कापडवाल्याकडे चालले होते, मांडीवर गठ्ठा. पुढच्या सीटवर अध्यक्ष, कारण त्यांची गाडी गॅरेजमध्ये होती. "वाटेत बायकोला घेऊ," गाजर म्हणाला. नेमका विमा कचेरीच्या गेटसमोर सामानाचा मोठा ट्रक लागला होता. त्याला गाडी ट्रकच्या मागे लावावी लागली. ट्रकआडून तिचा नुसता कोपरा बाहेर होता; आम्हाला काचेतून गेट दिसत होतं, पण वहिनीला तेवढा ठिपका पुरणारा नव्हता. तो उतरला आणि ट्रकच्या पुढे, फुटपाथच्या कडेला जाऊन उभा राहिला. अंगात राखाडी. कचेरीतून सुटलेल्या राखाडी-काळ्या गर्दीत तो असा मिसळला की मी शिवलेला शर्ट मलाही शोधावा लागला.

वहिनी बाहेर आली. पर्स खांद्याला, मान ताठ. पायऱ्यांच्या वर थांबली आणि तिने डावीकडून उजवीकडे पाहिलं, मग उजवीकडून डावीकडे. माणसं तिला वळसा घालून जात होती. कुणीतरी तिला काही विचारलं, तिने हसून मान हलवली, घड्याळात वेळ बघितल्यासारखं केलं. तिला घड्याळ दिसत नाही हे मला माहीत होतं.

"अरे, समोर उभा आहे की!" अध्यक्ष काचेतून बघत म्हणाले. "ही बघत का नाही? हा हाक का मारत नाही?" आणि त्यांनी भोंग्याकडे हात नेला. मी मागून त्यांचं मनगट धरलं.

"वाजवू नका."

"का?"

"बघा नुसते."

ते बघत राहिले. त्यांची मिशी हळूहळू हलायची थांबली.

ती एक पायरी उतरली आणि परत वर गेली. तेवढं बघितलं आणि गाजर वळून धावत आला. डिकी उघडल्याचा आवाज झाला. गाडी पुसायचा जुना शर्ट त्याने बाहेर काढला. बटणं नाहीत, एका बाहीला ग्रीस, खांद्यावर विरलेला. तो त्याने राखाडीच्या वरून चढवला, दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवला, आणि परत जाऊन कडेला उभा राहिला. सगळी सुटलेली कचेरी त्याच्याकडे बघून हसत होती.

वहिनीचा चेहरा एका जागी थांबला. मग ती पायऱ्या उतरली, सरळ रेषेत, कुणाला धक्का न लावता, आणि त्याच्या समोर येऊन म्हणाली, "आज उशीर केलास."

"ट्रक होता," तो म्हणाला.

गाडीत बसल्यावर तिने नाक उचलून वास घेतला. "ग्रीस आणि नवं कापड. ताई आहेत ना? आणि पुढे कोण आहे?"

"मी आहे, वहिनी," अध्यक्षांचा भारदस्त आवाज अगदी बारीक निघाला.

मग तिने विचारलं, "अध्यक्ष, तुम्ही काही पाहिलंत का?"

"नाही हो. मी घड्याळ बघत होतो."

त्या एका वाक्यासाठी मी त्यांना त्यांची मिशी माफ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्टँडवर जाहीर केलं की राखाडी फक्त हॉटेलच्या फेरीला. बाकी वेळ ज्याची गाडी त्याची मर्जी. "गाडीचा मालक आहे प्रत्येकजण, नोकर नाही," ते गरजले. पांढऱ्या गाडीवाल्याने विचारलं, काल तर तुम्हीच म्हणत होतात. अध्यक्ष म्हणाले, "काल मी मूर्ख होतो. तू आजही आहेस." विषय संपला. एवढंच नव्हे, पुढच्या आठवड्यात अध्यक्ष स्वतः माझ्याकडे निळा शर्ट शिवायला आले. त्यांची गाडी निळी आहे. फक्त खिसा मोठा ठेवा, एवढंच म्हणाले.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. गाजराच्या गाडीचा रंग आणखी उतरला, तसतसं माझं कापड छपरावर जास्त दिवस राहायला लागलं. आणि एक दिवस वहिनीचे उरलेले ठिपकेही गेले. तिने स्वतःच कचेरीत सांगितलं आणि वर विचारलं, इतकी वर्षं माझा एक तरी फोन चुकला का? तिची खुर्ची राहिली.

मला वाटलं, आता शर्ट बंद. पण तो झाकण घेऊन हजर.

"भाऊ, आता कशाला?" मी विचारलं. विचारताना मलाच कसंतरी झालं.

"तिला विचारा," तो म्हणाला, आणि लाजल्यासारखा हसला.

वहिनीने सांगितलं ते असं. ती अजूनही कुणाचा हात धरत नाही. पांढरी काठी घेऊन गेटशी येते आणि जवळ जो कुणी असेल त्याला विचारते, माझा माणूस आलाय का बघता? गाडीच्याच रंगाचा आहे. "मग काय होतं माहितेय, ताई? तो माणूस बघतो आणि आधी हसतो. अजून बोललेलाही नसतो. पण तो हसला की मला कळतं, हा आला."

परवा मी त्या कचेरीत शिपायांच्या गणवेशांची मापं घ्यायला गेले होते. निघताना गेटशी थांबले होते, तर काठीचा आवाज आला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "ऐकता का? माझा माणूस आलाय का बघता? गाडीच्याच रंगाचा आहे."

मी समोर पाहिलं. तो गाडीशेजारी उभा होता. डोक्याचे केस पांढरे झालेले, पोट जरा सुटलेलं, दोन्ही हात बाजूला ठेवून छाती पुढे काढलेली, म्हणजे रंग जास्तीत जास्त दिसावा. शर्ट मीच शिवलेला, मीच विटवलेला, गाडीशी असा जुळलेला की कुठे गाडी संपते आणि कुठे माणूस सुरू होतो ते कळू नये. मला हसायला हवं होतं. पण मी त्या रंगाकडे बघतच राहिले.

ती वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कमी होत गेलं.

"नाही का आला?" तिने हळूच विचारलं.

"आलाय, वहिनी," मी घाईने म्हणाले. "समोरच आहे."

"ताई, तुम्ही होय! मग हसला का नाहीत? केवढी घाबरले मी!" असं म्हणून तिने काठी पुढे टाकली आणि निघाली.

मग मी हसले. पायऱ्या उतरताना तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.